एस्टोनियाची कुपेर्यानोव पलटण : पायूची लढाई, कवटीचं चिन्ह आणि नावांचा गुंता

तटबंदी

बाल्टिक देशांच्या धाग्यावर हा विषय चारदा निघाला आणि चारही वेळा भरकटला, म्हणून वेगळा काढतोय. तिकडे दोन-तीन पलटणींची खिचडी झाली होती. इथे फक्त कुपेर्यानोव पायदळ पलटण (बटालियन).

आधी उच्चार. एस्टोनियन भाषेत 'जे' हे अक्षर 'य' असं म्हणतात, म्हणून कुपेर्यानोव. 'कुपरजानोव' नव्हे. पायदळाला तिकडे 'यालावॅगी' म्हणतात. 'याला' म्हणजे पायाचं आणि 'वॅगी' म्हणजे बळ किंवा दळ. पायदळाला नेमकं पायदळच म्हणणारी दुसरी भाषा सापडली की बरं वाटतं.

आता पार्श्वभूमी, म्हणजे एस्टोनियाचं स्वातंत्र्ययुद्ध. नोव्हेंबर १९१८ मध्ये जर्मनी हरला, एस्टोनियातून जर्मन फौज निघाली आणि २८ नोव्हेंबरला रशियन बोल्शेविकांच्या लाल सैन्याने सीमेवरच्या नार्व्हावर हल्ला केला. नव्या एस्टोनियन सरकारकडे तेव्हा सैन्य असं जवळपास नव्हतंच. महिनाभरात तार्तू शहर गेलं, टापा जंक्शन गेलं, आणि जानेवारीच्या सुरुवातीला लाल आघाडी राजधानी टालिनपासून जेमतेम ३५ किमीवर आली. फिनलंडने ५,००० रायफली आणि २० तोफा दिल्या, ब्रिटिश आरमार डिसेंबरात टालिनला पोचलं, त्यावर तग धरला.

युलियस कुपेर्यानोव हा पेशाने शाळामास्तर, कांब्या गावच्या शाळेत शिकवायचा. पहिल्या महायुद्धात झारच्या सैन्यात अधिकारी झाला, टेहळणी तुकडीत नाव कमावलं. तार्तू हातचं जाताना त्याला स्वयंसेवकांची पलटण उभारायची परवानगी मिळाली. तारीख २३ डिसेंबर १९१८, आणि योहान लाइडोनेर सरसेनापती झाला तोही याच दिवशी. माणसं जमवली तार्तूच्या वायव्येला पूरमानीच्या जमीनदारी वाड्यावर: तार्तूचे विद्यार्थी, शेतकऱ्यांची पोरं, झारच्या सैन्यातून परतलेले शिपाई.

७ जानेवारी १९१९ ला एस्टोनियन प्रतिहल्ला सुरू झाला. १४ जानेवारीला चिलखती रेल्वेगाड्या आणि कुपेर्यानोवची माणसं यांनी मिळून तार्तू घेतलं. त्याच दिवशी शहर सोडण्याआधी बोल्शेविकांनी क्रेडिट बँकेच्या तळघरात कोंडलेल्या ओलिसांना मारायला सुरुवात केली होती, त्यात बिशप प्लातोनही गेले. पलटण वेळेत आल्यामुळे बाकीचे कैदी वाचले. आणि ३१ जानेवारीला पायूची लढाई. त्याबद्दल 'रेल्वेवाला' यांनी लिहावं, त्यांचा तो प्रांत आहे.

बोरू

पलटणीच्या मूळ नावात 'पार्टिझान' हा शब्द आहे. म्हणजे ही गनिमी काव्याची फौज होती का? शत्रूच्या मुलखात लपून छापे वगैरे?

तटबंदी

नाही, आणि इथे मराठी वाचक हमखास चकतो. पार्टिझान म्हटलं की आपल्याला दुसऱ्या महायुद्धातले जंगलातले लढवय्ये आठवतात. १९१८ च्या एस्टोनियात या नावाचा अर्थ साधारण 'स्वयंसेवकांची, हलकी, चढाईसाठीची पलटण' असा होता. ती सरसेनापतीच्या हुकमाखाली होती आणि नियमित आघाडीवर लढत होती. सक्तीच्या भरतीतल्या रेजिमेंटांपेक्षा वेगळेपण इतकंच, की इथले लोक आपणहून आले होते आणि चढाईत त्यांना पुढे ठेवता यायचं. शिवकाळातला गनिमी कावा इथे आणू नका, पायूला नेमकं त्याच्या उलट घडलं.

रेल्वेवाला

घ्या, पायू.

नकाशावर तार्तू ते वाल्गा ही रेल्वे बघा, सुमारे ८५ किमी. वाल्गा आज एस्टोनिया-लाट्विया सीमेवर दोन देशांत वाटलेलं गाव आहे. तेव्हा त्याचं महत्त्व जंक्शन म्हणून: रीगा-प्स्कोव मार्ग तिथून जातो आणि तार्तूची लाइन तिथे त्याला मिळते. ३ जानेवारीला लाल सैन्याने रीगा घेतलं होतं. म्हणजे वाल्गा एस्टोनियनांकडे गेलं की रीगा आणि प्स्कोव यांच्यामधली लाल फौजांची थेट रेल्वे तुटणार. म्हणून ते राखायला लाट्वियन रायफलवाले ठेवले होते. लाल सैन्यातली ही सर्वात शिस्तीची माणसं.

एस्टोनियनांची तोवरची पद्धत अशी. चिलखती गाडी रुळावरून पुढे जायची. पहिल्या गाड्यांचं चिलखत म्हणजे डब्याला दुहेरी फळ्या आणि मध्ये वाळू, पोलाद नंतर आलं. गाडीत तोफेचा डबा, मशीनगनचे डबे आणि उतरून लढणारं पायदळ. गाडी स्टेशनवर मारा करते, पायदळ बाजूने येऊन ते घेतं, रूळ उखडलेले असतील तर दुरुस्त करतात आणि पुढे. रुळाच्या दोन्ही बाजूंच्या मुलखात कुपेर्यानोवची माणसं. तार्तू याच जोडगोळीने पडलं.

या पद्धतीचा कच्चा दुवा एकच: पूल. सांगास्तेजवळचा रेल्वे पूल लाल सैन्याने उडवला आणि चिलखती गाड्या मागेच अडकल्या. पायूचा वाडा वाल्गाच्या ईशान्येला काही किलोमीटरवर, शहराच्या वाटेवर. तिथे पोचेपर्यंत पलटणीकडचा सगळ्यात मोठा तोफखाना, म्हणजे ती गाडी, हिशेबातूनच गेली होती.

आकडे बघा. कुपेर्यानोवकडे सुमारे ३०० माणसं आणि १३ मशीनगन. वाड्यात आणि आसपास लाट्वियन सुमारे १,२००, त्यांच्याकडे ३२ मशीनगन आणि ४ तोफा. मध्ये उघडं, बर्फाने झाकलेलं शेत. झाड नाही, बांध नाही.

कुपेर्यानोव स्वतः पुढे होता. त्या शेतातच त्याला गोळी लागली आणि तो कोसळला. सूत्रं लेफ्टनंट योहानेस सोडलाने घेतली. मग फिनिश स्वयंसेवक आले, 'पोह्यान पोयात', म्हणजे उत्तरेचे पुत्र, कर्नल हान्स काल्मच्या हाताखाली सुमारे ३८० माणसं, ४ तोफा, ९ मशीनगन. दोघांनी मिळून पुन्हा हल्ला चढवला आणि वाडा हातघाईवर येऊन घेतला. दुसऱ्या दिवशी, १ फेब्रुवारीला, लाट्वियनांनी वाल्गा सोडलं. कुपेर्यानोवला तार्तूला नेलं, तो २ फेब्रुवारीला वारला. वय २४.

बरोबर एक वर्षाने, २ फेब्रुवारी १९२० ला, त्याच तार्तूत रशियाशी शांतता करार झाला.

बोरू

फिनिश तोफा येईपर्यंत का थांबला नाही? १,२०० वर ३०० हे गणित त्यालाही दिसत असणार.

रेल्वेवाला

त्याच्या मनात काय होतं ते मी सांगणार नाही. पण परिस्थितीत काय होतं ते सांगता येतं. १४ जानेवारीपासून १७ दिवस समोरचा शत्रू पळत होता. सतत मागे हटणाऱ्या शत्रूचा पाठलाग करताना थांबलं की त्याला खंदक खणायला वेळ मिळतो, हा तर्क त्या आठवड्यांत रोज खरा ठरत होता. पायूला फरक पडला तो समोरच्या माणसांमुळे. लाट्वियन रायफलवाले पळणारे नव्हते. त्याच तर्काचा त्या दिवशी घात झाला.

माझं मत विचाराल तर कौतुकाच्या भरात ही लढाई फार गुळगुळीत करून सांगितली जाते. उद्दिष्ट साधलं हे खरं. पण सेनानी स्वतः रांगेत पुढे, तोफा नाहीत, मैदान उघडं: आजच्या कुठल्याही प्रशिक्षणात हे 'असं करू नका'चं उदाहरण म्हणून चालेल.

खराटा

'१३ मशीनगन' वाचून लोकांना वाटतं चांगलंच बळ होतं. थंडीत मॅक्सिम मशीनगनचं काय होतं ते पाहू.

रशियन १९१० ची मॅक्सिम, चाकांच्या सोकोलोव गाड्यासकट साधारण ६५ किलो. गोळ्यांचा पट्टा कापडी, २५० गोळ्यांचा. मिनिटाला सहाशेच्या आसपास वेग धरला तर सलग मारल्यास पट्टा अर्ध्या मिनिटाच्या आत संपतो. नळीभोवतीच्या टाकीत सुमारे ४ लिटर पाणी, नळी थंड ठेवायला.

आता जानेवारी. टाकीतलं पाणी गोठतं. गोठताना फुगतं आणि टाकीचा पत्रा उसवतो. उपाय दोन: पाण्यात ग्लिसरीन मिसळायचं किंवा टाकी रिकामी ठेवून मारा सुरू करायच्या आधी भरायची. चढाईत दुसरा उपाय निकामी, कारण भरायला वेळ कोण देणार. तेलही तसंच. उन्हाळ्याचं दाट तेल राहिलं की यंत्रणा जड होते आणि बंदूक दोन-चार गोळ्यांनी अडते. म्हणून तेल जवळपास पुसून काढतात.

सगळ्यात जास्त छळतो पट्टा. कापड ओलं झालं आणि मग गोठलं की ताठ होतं, गोळी सुटी होत नाही, बंदूक खेचता खेचता अडते. पट्टा कोरडा ठेवणं हे मदतनीसाचं मुख्य काम, बर्फात ठेवायचाच नाही, पेटीतून थेट बंदुकीत. आणि सोकोलोवची छोटी चाकं मऊ बर्फात रुततात, मग बंदूक घसरगाडीवर बांधावी लागते.

यात बचाव करणाऱ्याचा फायदा उघड आहे. त्याची बंदूक छपराखाली, चूल जवळ, पाणी गरम, पट्टे कोरडे. हल्ला करणारा तेच ६५ किलो ओढत उघड्यावर येतो. गुडघाभर बर्फात लादलेल्या माणसाला १०० मीटरला दीड-दोन मिनिटं सहज लागतात, तेवढ्यात समोरची एक बंदूक तीन-चार पट्टे संपवू शकते. म्हणून १३ विरुद्ध ३२ हा फरक कागदावर दिसतो त्याहून मोठा.

रेल्वेवाला

@खराटा, उत्तम. पट्ट्याचा मुद्दा लोक विसरतातच.

कंदील

हान्स काल्म हा मुळात एस्टोनियन, फिनिश सैन्यात गेलेला. कृपया 'कालेव' पलटणीशी त्याची गल्लत करू नका, मागच्या धाग्यावर तेच झालं होतं. कालेव हे एस्टोनियन पुराणकथेतलं नाव, टालिनच्या क्रीडा संघाचं नाव, आणि त्या संघातल्या खेळाडूंनी डिसेंबर १९१८ मध्ये उभारलेल्या तुकडीचं नाव. काल्म हे माणसाचं आडनाव.

आणि काल्मबद्दल नुसतं 'पायूचा वीर' लिहून थांबू नये. १९१८ च्या फिनिश यादवी युद्धात हार्मोइनेन इथल्या रुग्णालयात जखमी लाल सैनिकांची कत्तल झाली, ती त्याच्याच हाताखालच्या फौजेने केली होती.

गुंडाळी

मी एक चित्र टाकणार होतो, पण आधी विचारतो. पलटणीच्या बाहीवर कवटी आणि दोन हाडं आहेत. हे नाझी चिन्ह नाही का? २१ व्या शतकातल्या नाटोच्या पलटणीवर?

तटबंदी

हा प्रश्न येणारच होता. क्रम नीट लावा.

कुपेर्यानोवच्या माणसांच्या बाहीवर काळ्या जमिनीवर पांढरी कवटी १९१८-१९ मध्येच आली. हिटलरच्या अंगरक्षक तुकडीने कवटी वापरायला सुरुवात केली ती १९२३ मध्ये. म्हणजे एस्टोनियन कवटी जुनी. आणि दोघांच्याही आधी बरेच जण होते: प्रशियाचे घोडेस्वार हुसार अठराव्या शतकापासून टोपीवर कवटी लावत. रशियात १९१७ मध्ये झारनंतरच्या सरकारने 'मृत्यू पलटणी' उभारल्या, मागे न हटण्याची शपथ घेतलेल्या, त्यांच्या बाहीवरही कवटी होती. कुपेर्यानोव झारच्या सैन्यातून आलेला अधिकारी, म्हणजे नजरेसमोरचा नमुना हाच असावा. कवटीचा अर्थ 'आम्ही मरणाला तयार', 'आम्ही मारायला आलो' नव्हे.

आकारावरूनही ओळख पटते. एसएसची, म्हणजे नाझींच्या सशस्त्र दलाची, कवटी किंचित वळलेली, हाडं कवटीच्या मागून जाणारी. कुपेर्यानोवची समोर बघणारी, काळ्या पार्श्वभूमीवर. चित्र बघताना आधी पार्श्वभूमी आणि जागा बघा: बाहीवरची ढाल की टोपीवरचा बिल्ला.

कंदील

तटबंदी, हे सगळं खरं, पण अर्धं. पायूला सूत्रं घेणारा योहानेस सोडला दुसऱ्या महायुद्धात एस्टोनियन एसएस लीजनचा महानिरीक्षक होता. चिन्हाचा उगम निराळा आहे हे मान्य, पण माणसांचे धागे इतके सुटे नव्हते. १९४०-४१ ची सोव्हिएत राजवट आणि हद्दपाऱ्या सोसलेल्या अधिकाऱ्यांपैकी बरेच जर्मन बाजूला गेले. तेवढं लिहिलं नाही तर उत्तर सफाई दिल्यासारखं वाटतं.

तटबंदी

मान्य. दुरुस्ती घ्यावी.

अक्षांश

तारखांबद्दल एक सूचना, या काळावर लिहिणाऱ्या सगळ्यांसाठी.

झारच्या रशियात ज्युलियन पंचांग होतं. जुन्या तारखेत १९ व्या शतकासाठी १२ दिवस मिळवायचे, २० व्या शतकासाठी १३. कुपेर्यानोवचा जन्म जुन्या पंचांगाने २९ सप्टेंबर १८९४, म्हणून नवीन तारीख ११ ऑक्टोबर. कुणी सवयीने १३ मिळवले तर १२ ऑक्टोबर येते, आणि चुकलंय हे लक्षातही येत नाही. शतक आधी बघा, मग बेरीज करा. १ मार्च १९०० (जुनी) पासून १३.

१९१८ च्या डिसेंबरपासूनच्या तारखांना हे करायचं नाही, तेव्हा नवीन पंचांग आलेलं होतं. २३ डिसेंबर, १४ जानेवारी, ३१ जानेवारी, सगळ्या जशाच्या तशा.

गावांचीही तीच तऱ्हा. जर्मन नकाशात तार्तू म्हणजे डोर्पाट, वाल्गा म्हणजे वाल्क, व्होरू म्हणजे वेरो, विल्यांदी म्हणजे फेलिन, राकवेरे म्हणजे वेसेनबेर्ग. तार्तूचं तर रशियन नाव तिसरंच, युर्येव. डोर्पाट, युर्येव आणि तार्तू ही तीन गावं समजून लढाया मोजल्या की आकडा तिप्पट होतो!

बोरू

आता वारशाचा वाद. १९४० मध्ये सोव्हिएतांनी एस्टोनिया गिळला, तेव्हा ही पलटण संपली ना? मग १९९२ मध्ये उभी केली तिला '१९१८ ची पलटण' कसं म्हणायचं? मराठा लाइट इन्फन्ट्री १७६८ पासून अखंड आहे. ब्रिटिश गेले, झेंडा बदलला, पण पलटण तीच, कारण माणसं, भांडी, मेस, रजिस्टरं पुढे सरकत गेली. इथे ५२ वर्षांची पोकळी आहे.

तटबंदी

आधी नावांची साखळी, मग वाद.

१९१८ मध्ये तार्तूमाची, म्हणजे तार्तू जिल्ह्याची, पार्टिझान पलटण. कुपेर्यानोव गेल्यावर तिला त्याचं नाव मिळालं: कुपेर्यानोव पार्टिझान पलटण. युद्ध वाढलं तशी ती 'पोल्क', म्हणजे रेजिमेंट झाली. शांततेत पुन्हा पलटण, आणि नावात 'उक्सिक' हा शब्द. याचा अर्थ 'रेजिमेंटच्या बाहेरची, स्वतंत्र' असा लष्करी आहे. यंत्राकडून भाषांतर केलंत तर 'एकाकी पायदळ पलटण' मिळतं आणि लोक त्यावर कविता करायला बसतात.

१९४० मध्ये एस्टोनियन सैन्याचं रूपांतर लाल सैन्याच्या २२ व्या रायफल कोअरमध्ये झालं, १८० आणि १८२ या दोन डिव्हिजन. जुन्या पलटणी त्यात विरल्या. या कोअरच्या कित्येक एस्टोनियन अधिकाऱ्यांना १४ जून १९४१ ला व्हार्स्काच्या छावणीत पकडून नेलं. म्हणजे तुमचं बरोबर आहे: माणसं, रजिस्टरं, मेस, काहीच पुढे सरकलं नाही.

१८ मार्च १९९२ ला व्होरू इथे पलटण पुन्हा उभी राहिली, तारा छावणीत. रशियन फौजा देशातून जायला तेव्हा अजून अडीच वर्षं होती, त्या ३१ ऑगस्ट १९९४ ला गेल्या. एस्टोनियाची अधिकृत भूमिका अशी, की देश १९४० मध्ये संपलाच नाही, तो व्यापलेला होता. देश अखंड तर त्याची पलटणही अखंड. हा दावा माणसांच्या वारशावर उभा नाही, कायद्याच्या वारशावर आहे. मराठ्यांशी तुलना म्हणूनच जुळत नाही: तिथे राज्य बदललं आणि पलटण टिकली, इथे पलटण मोडली आणि राज्याचा हक्क टिकला.

बोरू

हे पटलं. म्हणजे 'स्थापना १९१८, पुनःस्थापना १९९२' असं दोन्ही लिहायचं.

गुंडाळी

१९४० ते १९९२ मध्ये काहीच नव्हतं?

कंदील

कबर होती. कुपेर्यानोव तार्तूच्या राडी दफनभूमीत आहे, वर आमान्दुस आदामसनने घडवलेलं स्मारक, १९२५ चं. स्वातंत्र्ययुद्धाची बहुतेक स्मारकं सोव्हिएत काळात पाडली गेली, हे राहिलं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आणि २४ फेब्रुवारीला, एस्टोनियन स्वातंत्र्यदिनी, तार्तूचे विद्यार्थी तिथे मेणबत्त्या लावायला जात. तिथे पाळत असे, आणि दिसलं तर विद्यापीठातून काढलं जाण्याची जोखीम. तरी मेणबत्त्या लागत राहिल्या. बोरू, तुम्ही म्हणालात तशी रजिस्टरं नव्हती, पण नाव विसरलं न जाण्यामागे त्या कबरीचा वाटा मोठा.

खराटा

सध्याची पलटण कशी चालते ते थोडक्यात, कारण 'एस्टोनियात एवढीशी पलटण, ती काय लढणार' असं मागे कुणी लिहिलं होतं.

ही पलटण २०१४ पासून दुसऱ्या पायदळ ब्रिगेडमध्ये आहे. तिथे सक्तीची लष्करी सेवा आहे आणि छावणीतली पलटण म्हणजे मुख्यतः शाळा. वर्षानुवर्षं चाललेली पद्धत अशी होती: जुलैची तुकडी ११ महिन्यांसाठी, तिच्यातून हवालदार-नाईक पातळीचे होतकरू आणि चालक, तंत्रज्ञ. ऑक्टोबरची तुकडी ८ महिन्यांसाठी, रायफलवाले. जुलैवाल्यांचा साधारण १० आठवड्यांचा शिपाई पाया व्हायचा, मग सेक्शन चालवायचं शिक्षण. ऑक्टोबरचे नवे यायचे तेव्हा त्यांना शिकवायला गटनायक तयार असत. दोन्ही तुकड्या जूनला एकत्र सुटायच्या, त्याआधी मे महिन्यात 'केवाद्तोर्म', वसंतातलं वादळ नावाचा मोठा सराव.

सुटल्यावर तीच माणसं, त्याच सेक्शनमध्ये, त्याच नायकाखाली राखीव दलात जातात. हे महत्त्वाचं. आपल्याकडचा राखीव शिपाई एकेकटा बोलावला जातो, तिथे अख्खी कंपनी बोलावतात. काही वर्षांनी उजळणी सराव. 'ओकास', म्हणजे काटा, हा अचानक बोलावण्याचा सराव डिसेंबर २०१६ पासून. निरोप मिळाला की ठरल्या वेळेत हजर.

इथे काय बिघडतं? पत्ते आणि फोन. माणूस फिनलंडला कामाला गेलेला, नंबर बदललेला, नोंद जुनी. म्हणून ओकासमध्ये लढाईचा सराव कमी आणि 'किती जण, किती तासांत आले' हीच खरी परीक्षा. मग गणवेश: आठ महिन्यांची सेवा विसाव्या वर्षी केली, बोलावणं तिसाव्या वर्षी आलं, कंबर वाढलेली. मापं पुन्हा घ्यावी लागतात, आणि बुटांचं सगळ्यात वाईट, कारण अंगात न बसणारा शर्ट चालतो, न बसणारा बूट २० किमी चालत नाही.

रेल्वेवाला

मूळ लेखात एक भर घाला. वाल्गा पडल्याच्या दिवशीच व्होरूही घेतलं गेलं, १ फेब्रुवारी १९१९. आज पलटण राहते ते गाव.

तटबंदी

घालतो. बोरूंनी सांगितलं तसं शीर्षकाखाली दोन्ही तारखाही टाकतो.

गुंडाळी

कवटीचं चित्र आता टाकू का? बाहीवरचं, काळ्या ढालीचं आहे, समोर बघणारी.

कंदील

टाका. खाली वर्ष लिहा.